भास्कर डॉक्टरांचा माळ

प्लास्टरची पट्टी घ्यायला आमच्या मेडिकलमध्ये जो येतो, त्याच्या तोंडावरच दुखणं दिसतं. कुणाचं पोरगं झाडावरनं पडलेलं असतं, कुणाची सासू मोरीत घसरलेली असते. भास्कर डॉक्टर मात्र पट्ट्या घ्यायला यायचे ते लग्नाचा बस्ता बांधायला आल्यासारखे. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "वहिनी, सहा इंची पट्ट्या द्या. डोंगराचं हाड उघडं पडलंय."

तेव्हा मी नवी होते. लग्न होऊन मंगळवार पेठेत आले आणि बी. फार्म. झालेली सून म्हणून सासऱ्यांनी मला थेट गल्ल्यामागं बसवलं. डॉक्टरांचं हे बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस भला दिसतोय, पण ह्याला ऊन लागलंय. सासरे हसले. म्हणाले, "दे गं. आपल्या माडीवरचे दाताचे डॉक्टर हायत. डोंगर करत्यात."

डोंगर करत्यात! जसं कुणी लोणचं करतं तसं.

आज डॉक्टर नाहीत. माडीवर मोबाईल दुरुस्तीवाला बसतो आणि दिवसभर गाणी लावून माझं डोकं उठवतो. पण जिन्याच्या कठड्याला डॉक्टरांचा पांढरा हात लागलेला अजून दिसतो. आम्ही दोनदा रंग दिला, कठडा तेवढा मी रंगवू दिला नाही. रंगाऱ्याला वाटलं बाई कंजूष आहे. वाटू दे.

तर डोंगराचं असं होतं. आपल्याकडं छोट्या गाड्या, छोटी इंजिनं करणारे हौशी लोक पुष्कळ. लाल एसटी करतील, वाफेचं इंजिन करतील, एसटीच्या दाराच्या कड्यासुद्धा करतील. पण ती उभी कशावर करायची? टेबलावर ठेवली की खेळणं वाटतं. तिच्याखाली घाट पाहिजे, दरड पाहिजे, कडेचं गवत पाहिजे. ही खालची जमीन करून द्यायचे भास्कर डॉक्टर. "सगळ्यांस्नी गाडी पायजे," ते म्हणायचे, "गाडीखालची जमीन कुणाला नको. आधी जमीन, मग बाकीचं."

दवाखान्यात एकच खुर्ची. मागं एक अंधारी खोली, तिला ते 'कारखाना' म्हणायचे. तिथं प्लायवूडच्या फळीवर थर्माकोलचे काप एकावर एक चढायचे, मधल्या खळग्यात वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे बसायचे, आणि त्यावर आमच्या दुकानातल्या ओल्या पट्ट्या. त्या वाळून कडक झाल्या की वर प्लास्टरचा पातळ हात. मग दात भरायच्या हत्यारांनी कडे कोरायचे. पेशंटला सुई टोचली की हिरडी बधिर होईपर्यंत डॉक्टर मागं जाऊन एक कडा कोरून येत. आमच्या शेजारच्या शिंपीणबाई सांगायच्या, "माझी दाढ काढली, पण निम्मं लक्ष त्यांचं मागच्या खोलीत. मी आ करून बसल्ये आणि हे विचारतायत, वहिनी, पन्हाळ्याकडच्या उतारावर गवत पिवळं की तपकिरी? मी काय सांगू? तोंडात कापूस!"

सामान सगळं घरचं. चहाचा चोथा वाळवून त्याचा पाचोळा. जुन्या केरसुणीच्या काड्यांची सुकलेली झुडपं. नारळाच्या काथ्याचं गवत, ते कात्रीनं कातरून, हळदीच्या पाण्यात बुडवून. आणि माती मात्र जिथला डोंगर तिथलीच. मोटारसायकलच्या डिकीत पिशव्या, पिशवीवर नाव: जोतिबा, गगनबावडा, राधानगरी. ती चाळून तव्यावर भाजायची, नाहीतर तिच्यातनं किडे निघतात. त्यासाठी त्यांच्या बायकोनं एक तवा कायमचा सोडून दिला होता. त्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या, गंभीर बाई. मला एकदा म्हणाल्या, "तुमच्याकडं नवरे काय काय भाजून खातात. माझा माती भाजतो, आणि खात पण नाही."

एकदा संध्याकाळी पट्ट्या बांधून देता देता मी सहज म्हणाले, "डॉक्टर, एवढी माती गोळा करून काय करता? प्लॉट घ्या की एखादा."

ते हसले. म्हणाले, "वहिनी, आमच्या घराण्यात सात पिढ्या गुंठाभर जमीन न्हवती. सगळ्यांनी दुसऱ्याच्या बांधावर काम केलं. आता माझ्याकडं बगा, काळी हाय, तांबडी हाय, मुरमाड हाय. सगळी चाळून भाजून डब्यात." आणि पट्ट्या उचलून दोन दोन पायऱ्या चढत गेले. मी उगाचच गल्ल्यातली चिल्लर लावत बसले.

डॉक्टरांचं कूळ भुदरगड तालुक्यातलं, गारगोटीच्या अलीकडचं. घरी बुद्धाची लहानशी मूर्ती, दवाखान्यातही एक. तिच्यासमोर रोज सकाळी मोगरा, आणि मोगरा नसला तर कारखान्यात केलेल्या काथ्याच्या झाडाची एखादी फांदी. "चालतं त्यांना," म्हणायचे.

विनोद त्यांचा असा की तोंडावरची रेघ हलायची नाही. एकदा त्यांना जोतिबाच्या डोंगरावरच्या कातळाचा पोत पाहिजे होता. हातानं कोरलेला खरा वाटेना. मग त्यांनी काय केलं, कवळीसाठी तोंडाचं माप घेतात तो लगदा बादलीभर कालवला, थापीनं कातळावर थापला आणि घट्ट व्हायची वाट बघत बसले. रविवार होता, गर्दी होती. नारळ-गुलालवाले दुकानदार गोळा झाले.

एकानं विचारलं, "काय करालायसा ओ पावणं?"

"माप घ्यालोय."

"कशाचं?"

"डोंगराचं. कवळी बसवायची हाय. खालचे दात झिजल्यात."

तो दुकानदार बराच वेळ डोंगराकडं बघत राहिला म्हणे. मग हळूच म्हणाला, "सरकारी काम हाय व्हय?" डॉक्टर म्हणाले, व्हय. त्यानं चहा सांगितला. वर सल्ला दिला, "मग जरा पलीकडचा बी बगा. त्यो लईच हलतोय." त्या साच्यातनं निघालेला कातळ मी बघितलाय. बोट फिरवलं तर खरचटावं असा.

आता त्यांची एक फजिती सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसती आरतीच ओवाळतेय. त्यांच्या एका दोस्तानं वाफेचं इंजिन केलं होतं आणि शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. डॉक्टरांनी बोगद्याचा डोंगर करायला घेतला. त्याच सुमाराला कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की जुन्या काळी गडांची बांधकामं गूळ-चुन्यात व्हायची, म्हणून शेकडो वर्षं टिकली. झालं! पाव्हण्यांचं गुऱ्हाळ होतंच. डॉक्टरांनी काकवी आणली, चुना कालवला, कागदाच्या लगद्यात घातली आणि डोंगर उभा केला. कोल्हापूरच्या माणसाला कुठंही गूळ घालायला कारण लागतं होय? डोंगर वाळला, दगडासारखा झाला, डॉक्टर खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल उघडला तर बोगद्यातनं मुंगळ्यांची रांग बाहेर पडतेय, रुळावरनं चाललीय, इंजिनावर चढतेय.

दोस्ताचा चेहरा रडवेला. लोक हसतायत. डॉक्टर मात्र वाकून बघत होते. म्हणाले, "आपलं प्रमाण किती? एकाला सत्त्याऐंशी. म्हंजे ह्यो एक एक मुंगळा बोकडाएवढा झाला की ओ! बोकडं इंजिनावर बसल्याली कुठं चालत्यात? काढा, काढा."

मुंगळे होते ह्याचं वाईट नाही, ते प्रमाणात नव्हते ह्याचं वाईट! पुढं त्यांच्या बायकोनं सांगितलं की लगद्यात मेथीची पूड घाला, आमच्या आज्या कागदाच्या टोपल्या करताना घालायच्या, किडामुंगी शिवत नाही. तेव्हापासून कारखान्याला कायम लाडवाचा वास.

प्रमाण. हा त्यांचा धर्म होता. खिशात एक बारीक सळी असायची, हिरडी किती खोल गेली ते मोजायची, मिलिमीटरच्या खुणांची. तिनं ते डोंगर मोजायचे. आणि एका गोष्टीवर ते कुणाशीही भांडायला तयार असत. छोट्या प्रमाणात डोंगर केला की तो चपटा दिसतो, म्हणून बहुतेक लोक उंची थोडी वाढवतात. तशी रीतच आहे म्हणे. डॉक्टर नाही वाढवायचे. "दुखत नसल्याली दाढ काढण्यातला प्रकार हाय ह्यो," म्हणायचे. "चपटा तर चपटा. हाय तसा दाखवायचा." गणपतीत एका मंडळाची पोरं आली, सात फुटी डोंगर पाहिजे म्हणाली. ह्यांनी आकडेमोड करून सांगितलं की मग गणपती कळंब्याच्या तलावात मावणार नाही एवढा करा. पोरं गेली ती परत आली नाहीत.

असा हा माणूस. आणि ह्या माणसाला हरवलं ते आक्कांनी.

आक्का म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, वडील दम्यानं बसून, घर आक्कांच्या डोक्यावर. डोक्यावर म्हणजे खरंच डोक्यावर. गावाखालच्या ओढ्याला गवत कापायचं, त्याचा भारा बांधायचा, माळ चढून वर सडकेला यायचं आणि गारगोटीच्या बाजारात दुभत्या जनावरांच्या मालकांना विकायचा. त्या गवतावर डॉक्टर गारगोटीच्या बोर्डिंगात शिकले, पुढं दाताचे डॉक्टर झाले. आक्कांनी लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "येळच घावला न्हाय बग."

शेवटी त्या डॉक्टरांकडंच होत्या, कळंब्याला. तिथल्या तुरुंगाची भिंत मागं टाकून पुढं चढावरच्या वसाहतीत डॉक्टरांनी घर बांधलं होतं. आक्कांना साखर. ती आधी पायात गेली, मग डोळ्यांत. दिसायचं पूर्ण बंद झालं होतं. त्यांचं इन्सुलिन मी स्कूटरवरनं द्यायला जायची, म्हणून माझी ओळख. हात धरून विचारायच्या, "कोन? मेडिकलवाली? बस की गं. लई पळतीस."

एक दिवस त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "भास्कर, मला एकदा आपल्या माळावर ने."

नेणार कसं? गाडीत बसवलं की त्यांना चक्कर यायची, उलट्या व्हायच्या. मूत्रपिंडाच्या डॉक्टरनं हलवूच नका म्हणून सांगितलेलं. तेव्हा आमचे डॉक्टर खाली दुकानात आले. त्या दिवशी कोपरं टेकली नाहीत.

"वहिनी, पट्ट्या द्या. जास्त द्या. आक्काचा माळ करायचाय."

"त्यांना दिसत नाही ना पण?"

"बोटं हायत की तिला," ते म्हणाले. "बोटांनी बगंल. तिनं एकदा 'व्हय, ह्यो आपला माळ' म्हणावं. एवढंच करायचंय मला आता. ती जायच्या आत."

पहिला माळ त्यांनी नकाशावरनं केला. आक्कांनी पलंगावर बसून खालपासून वरपर्यंत बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "ह्यो कुठला? ह्यो सपाट हाय."

डॉक्टर गावी गेले. ओढ्यापासून सडकेपर्यंत माळ चढून आले, मोबाईलवर उंची बघून, ठिकठिकाणी थांबून, आकडे लिहून. दुसरा माळ केला. तो रिक्षातनं नेताना खड्ड्यात आपटून मधोमध तडकला, म्हणून त्यांनी तो सांधला. आक्का म्हणाल्या, "ओढा बरोबर हाय. दगडं बरोबर हायत. पन चढ न्हाय रं ह्येला."

"आक्का, मी मोजून आलोय."

"मग तुज्या मोजण्यात काय तरी हाय."

डॉक्टर दुकानात येऊन बसले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. "आक्का चुकतीय वहिनी. म्हातारपणी लहानपणचं सगळं मोठं वाटतं. तिला तो माळ म्हंजे सह्याद्री वाटालाय."

मी आपली व्यवहारी बाई. म्हणाले, "मग वाढवा की दोन बोटं. त्यांना बरं वाटेल. कोण बघायला येतंय?"

तर काय चिडले! चष्मा कपाळावरनं खाली आला. "आंधळी हाय म्हणून फसवू व्हय तिला? जिनं मला माणसात आणलं तिला खोटी जमीन देऊ? तुम्ही एक्सपायरीचं औषध देता का आंधळ्याला?"

मला राग आला होता, आणि डॉक्टर बरोबर बोलतायत ह्याचा जास्त आला होता.

तिसरा माळ त्यांनी मन लावून केला. माती तिथलीच. ओढ्यातले खडे तिथलेच. करवंदीच्या जाळ्या केरसुणीच्या. फक्त पायवाट केली नाही. तिथं आता वनखात्याची झाडं आहेत, वाटेची खूण उरलेली नाही, आणि न बघितलेली वाट डॉक्टर काढणार नाहीत. उंची पुन्हा मोजूनच. सळीनं. तिकडं आक्कांचं जेवण कमी होत चाललं होतं. दोन दिवस नुसत्या पेजेवर होत्या. डॉक्टर मला म्हणाले, "आज न्यायचाच. तुम्ही या बरोबर, एक बाजू धरायला."

दुपारी आम्ही रिक्षात बसलो. मधे माळ, एका बाजूला डॉक्टर, एका बाजूला मी. रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. "डॉक्टर, ह्येचं तिकीट अर्धं लावू का पुरं?" डॉक्टर म्हणाले, "तू खड्डा चुकव, तुला दुप्पट देतो." त्यानं नागोबासारखी वळणं घेत खड्डे चुकवले, आणि माझं जेवण घशाशी आणलं.

आणि कळंब्याला पोचलो तर त्यांच्या गल्लीत पाण्याच्या पाइपसाठी चर खणलेला. रिक्षा खालीच थांबली. घर वर चढावर. दोघांनी धरून न्यावं तर चराच्या कडेनं एका माणसापुरती वाट, ती पण निसरडी.

"डोक्यावर घेतो," डॉक्टर म्हणाले.

"तुमचं वय काय, वजन काय ह्याचं!"

"द्या हो उचलून."

मी पर्समधला स्कार्फ काढला, स्कूटरवर तोंडाला बांधायचा, आणि त्याची चुंबळ केली. चुंबळ कशी करतात मला कुठं ठाऊक? गुंडाळला गोल आणि ठेवला त्यांच्या टकलावर. रिक्षावाल्यानं आणि मी माळ उचलून वर दिला. डॉक्टर निघाले. दोन्ही हात वर, मान ताठ, पायात चामडी बूट. एक बाई दारात भांडी घासत होती ती हात थांबवून बघत राहिली. मी मागनं, पट्ट्यांची पिशवी खांद्याला, हात पुढं करून, पडला तर झेलायला. झेलणार कसली मी, खाली सापडले असते.

अर्ध्या चढावर ते थांबले. श्वास मला ऐकू येत होता. कडेला एका घराचा कट्टा होता.

"टेकवा की डॉक्टर इथं. दम खावा."

"टेकलं," ते श्वास घेत म्हणाले, "तर परत उचलून कोन देणार?"

"मी आहे ना! मी काय शोभेला आलेय?"

ते हलले नाहीत. माळाची सावली त्यांच्या तोंडावर पडली होती, मला नीट दिसेना. मला वाटलं आता ह्यांना चक्कर येतेय. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमी हाय मला. आक्काला कोन हुतं ओ?"

मला आधी कळलं नाही. मग त्यांनीच तुटक तुटक सांगितलं. ओढ्याला चार बायका असायच्या, त्या भारा उचलून डोक्यावर द्यायच्या. पण माळावर मधी कुणी नाही. चिटपाखरू नाही. टेकला की परत डोक्यावर चढायचा नाही. म्हणून टेकायचाच नाही. खालपासनं वरपर्यंत एका दमात, रोज, उन्हातान्हात.

"मी मोकळा चढून मोजून आलो," ते म्हणाले. "मोकळा!"

आणि कट्टा सोडून पुढं निघाले. टेकला नाही त्यांनी. दारापर्यंत टेकला नाही. मी त्यांच्या नावानं बोटं मोडत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदम.

आत पलंगाशेजारच्या टेबलावर मी आणि मुख्याध्यापिका बाईंनी माळ उतरवून घेतला. डॉक्टर जमिनीवरच बसले, पलंगालगतच्या भिंतीला टेकून. आक्कांनी हात पुढं केला. बोटं ओढ्यात गेली, खड्यांवरनं फिरली, चढू लागली. आणि वर पोचून थांबली.

"न्हाय रं भास्कर," आक्का म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "समदं बरोबर हाय. पन चढ न्हाय."

मी डॉक्टरांकडं बघितलं. आता नकाशा निघणार, आकडे निघणार.

"व्हय आक्का," डॉक्टर म्हणाले. "कमी झालाय. चूक माझी हाय."

आक्का त्यांच्या आवाजाकडं वळल्या. "धापा का टाकतुयास? कुटनं आलास?" हात चाचपत त्यांच्या डोक्यावर गेला आणि थबकला. "आनि ही काय? चुंबळ? कुनी बांदली असली?"

"मेडिकलवाल्या वहिनींनी."

"शिकल्याली हाय नव्हं ती?" आक्का म्हणाल्या. "असल्या चुंबळीनं मान मोडंल माणसाची." त्यांनी स्कार्फ सोडवला, मांडीवर पिळला, चारदा फिरवून टोक आत खोचलं आणि परत त्या म्हाताऱ्या भावाच्या डोक्यावर दाबून बसवला. माझ्या अब्रूचं खोबरं झालं, पण चुंबळ बघण्यासारखी होती.

डॉक्टर उठले. डागडुजीला आणलेल्या पट्ट्यांची पिशवी उघडली, पातेल्यात पाणी घेतलं, कपाटावरची वर्तमानपत्रं चुरगळली. खिशातली सळी सवयीनं हातात आली. तिच्याकडं बघितलं आणि परत खिशात टाकली. आयुष्यभर मिलिमीटरसाठी भांडलेला माणूस कागदाचे बोळे माळावर रचायला लागला, वर ओल्या पट्ट्या. आक्कांचा हात सगळ्यात वर ठेवला होता.

"आनि?" डॉक्टर विचारायचे.

"आनि."

एक थर चढायचा. हात वर उचलला जायचा.

"आनि?"

"आनि चढव. हितं गुडघं फुटायचं."

थर्माकोलचे कडे, तव्यावर भाजलेली माती, काथ्याचं गवत, सगळं खाली गाडलं गेलं. डॉक्टरांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माळ आता खरंच सह्याद्रीसारखा उभा झाला होता. कुठल्याही प्रदर्शनात लोक हसले असते.

"बास," आक्का म्हणाल्या. आणि जरा थांबून, "व्हय. ह्यो आपला माळ."

डॉक्टरांनी तोंड फिरवलं. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझं तर नाक गळायला लागलं होतं आणि स्कार्फ त्यांच्या डोक्यावर.

त्यानंतर मी डॉक्टरांना पुष्कळदा भेटले. आक्का गेल्यावरही ते दवाखान्यात यायचे. पण डॉक्टर म्हटलं की मला ते तिथंच दिसतात, पलंगापाशी गुडघ्यावर, कोपरापर्यंत पांढरे.

कारण आक्का थांबल्या नव्हत्या. त्यांची दोन बोटं ओढ्यातनं निघाली आणि ओल्या प्लास्टरवरनं चढायला लागली. "हितनं वाट वळायची. हितं करवंदीची जाळी. हितं निसरायचं पावसाळ्यात." बोटं रुतत होती आणि मागं बारीक खळगे उमटत होते.

"अहो डॉक्टर, ओलं आहे ते, ठसे उठतायत," मी म्हणाले.

"गप्प बसा वहिनी," डॉक्टर म्हणाले. "पायवाट हाय ती."

बोटं हळू झाली. माळाच्या बरोबर मधे थांबली. आक्कांना दम लागला होता.

"भास्कर," त्यांनी विचारलं, "हितं जरा टेकू का रं?"

"टेक की आक्का," डॉक्टर म्हणाले. "मी हाय उचलून द्याला."

आक्कांनी हात तिथं टेकला. सगळा, तळव्यासकट. डोळे मिटले. बाहेर चर खणणारी माणसं एकमेकांना हाका मारत होती. बऱ्याच वेळानं आक्का म्हणाल्या, "हं. दे आता," आणि डॉक्टरांनी, डोक्यावर चुंबळ तशीच, आपला प्लास्टरनं भरलेला हात त्यांच्या हाताखाली घातला आणि उचलून दिला.